वरिष्ठांच्या शिकवणीचे तास टाइमशीटमध्ये दिसू द्या

प्रति,
संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आयटी कंपन्यांत तरुण कर्मचाऱ्यांनी बड्या अधिकाऱ्यांना शिकवण्याचे उपक्रम सध्या जोरात आहेत. रिव्हर्स मेंटॉरिंग या नावाने ते ओळखले जातात. घोषणा होते, जोड्यांचे फोटो लिंक्डइनवर चढतात आणि तिसऱ्या-चौथ्या बैठकीनंतर बऱ्याच जोड्या थंडावतात. मग खापर दोनच ठिकाणी फुटते: साहेबांचा अहंकार, नाहीतर पोरांचा अननुभव. आम्ही पुण्यातील आयटी कंपन्यांत प्रशिक्षणाचे आणि असे उपक्रम उभे करण्याचे काम करतो. आमचे म्हणणे असे की माणसे सहसा चांगली असतात, मांडणी कच्ची असते. शिकवणाऱ्याचा तास कोणत्या खात्यात धरायचा, कोणाची जोडी कोणाशी लावायची आणि त्या तासात नेमके करायचे काय, हे कोणी कागदावर ठरवलेलेच नसते. ते ठरवता येते. त्यासाठी हे सविस्तर पत्र.

या पद्धतीचा उगम सांगताना जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीचे नाव हमखास घेतले जाते. १९९९ मध्ये तिचे प्रमुख जॅक वेल्च यांनी आपल्या सुमारे ५०० वरिष्ठ अधिकाऱ्यांना कंपनीतला इंटरनेट जाणणारा एकेक तरुण गाठून त्याच्याकडून शिकायला सांगितले. त्यातल्या दोन गोष्टी आपल्याकडे विसरल्या जातात. पहिली, वेल्च स्वतःही शिकणाऱ्यांत होते. त्यामुळे खालच्या अधिकाऱ्यांना टाळाटाळीला जागा उरली नाही. दुसरी, विषय एकच होता: इंटरनेट. 'नव्या पिढीचे विचार समजून घेणे' असला धुकट विषय त्यांनी दिला नव्हता. आपल्याकडे इन्फोसिसने तिशीच्या आतल्या कर्मचाऱ्यांना व्यवस्थापनाच्या बैठकीत बसवण्याचा 'व्हॉइस ऑफ यूथ' हा उपक्रम चालवला. त्याचा हेतू वेगळा होता, धोरणाच्या चर्चेत तरुणांना आवाज देणे. शिकवणी ही त्याहून निराळी गोष्ट आहे आणि दोन्हींची गल्लत केली की दोन्ही फसतात.

आज ही शिकवणी निकडीची का झाली, तेही पाहू. १९९१ मध्ये सॉफ्टवेअर निर्यातीला चालना देणारी सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स ही सरकारी संस्था स्थापन झाली. त्या दशकात आणि वायटूकेच्या, म्हणजे संगणकांतल्या सन २००० च्या तारखेच्या दुरुस्तीच्या, लाटेत जे नोकरीला लागले, त्यांच्यातलेच कितीतरी आज डिलिव्हरी हेड आणि व्हाइस प्रेसिडेंट आहेत. त्यांचे डोमेनचे ज्ञान, क्लायंट सांभाळण्याची हातोटी, अडकलेला प्रकल्प बाहेर काढण्याचा अनुभव याला तोड नाही. पण त्यांनी स्वतःच्या हाताने कोड लिहिला तो काळ गिट, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल नोंदवणारे साधन, रुळण्याच्या आधीचा. गिट आले २००५ मध्ये, सॉफ्टवेअर बंद डब्यात भरून कुठेही चालवणारे डॉकर २०१३ मध्ये, असे अनेक डबे सांभाळणारे कुबरनेटीस २०१४ मध्ये, चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये. यातले प्रत्येक साधन त्यांनी सादरीकरणात पाहिले आहे, हातात धरलेले नाही. आणि सांगितल्यावर कोड लिहून देणाऱ्या एआय कोडिंग असिस्टंटची हजारो लायसन्स घ्यायची का, त्यामुळे किती माणसे कमी लागतील, क्लायंटला किती टक्के सवलत कबूल करायची, हे निर्णय त्यांच्याच सहीने होतात. चुकीच्या सवलतीचा भार शेवटी कोणावर पडतो, हे शनिवारी हिंजवडीत कामावर आलेल्या टीमला विचारा.

आता जोडीविषयी. शिकवणारा आणि शिकणारा यांच्यात किमान दोन पायऱ्यांचे अंतर हवे आणि दोघांची रिपोर्टिंगची साखळी पूर्ण वेगळी हवी. 'थेट रिपोर्टिंग नाही ना, मग झाले' एवढ्यावर थांबू नये. अप्रेझलच्या वेळी रेटिंगचे नॉर्मलायझेशन, म्हणजे सगळ्यांची रेटिंग एकमेकांशी ताडून पक्की करणे, ज्या खोलीत होते, त्या खोलीत हे वरिष्ठ बसणार असतील तर ती जोडी बाद. कारण तिथे त्यांच्या तोंडून सहज निघालेला चांगला किंवा वाईट शब्द त्या मुलाच्या रेटिंगला चिकटतो, आणि हे त्या मुलाला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. मग तो शिकवत नाही, मन राखतो. बँकिंग युनिटचे वरिष्ठ असतील तर शिकवणारा रिटेल किंवा टेलिकॉम युनिटमधला घ्यावा.

शिकवणारा दोन ते पाच वर्षे अनुभवाचा असावा. प्रोबेशनवरच्या फ्रेशरला यात घालू नये. त्याला कंपनीचे कामच अजून दिसलेले नसते. निवड कोणत्या निकषावर करायची, इथे मोठी चूक होते. एचआर साहजिकच फर्डे इंग्रजी बोलणारे, टाऊनहॉलमध्ये माइक घेणारे चेहरे निवडते. त्यात लातूर, यवतमाळ, धुळ्याच्या कॉलेजांतून आलेली, मराठी माध्यमात शिकलेली, कामात चोख असलेली मुले-मुली बाजूला राहतात. त्यापेक्षा मागच्या सहा महिन्यांतले कोड रिव्ह्यू, म्हणजे सहकाऱ्यांचा कोड तपासून लिहिलेले शेरे, काढा. कोणाच्या रिव्ह्यूमधल्या शेऱ्यांत कारण दिलेले असते, पर्याय सुचवलेला असतो आणि समोरच्याचा पाणउतारा नसतो, ते वाचा. जो लेखी असे समजावतो तो समोर बसूनही समजावतो. आमच्या मते याहून भरवशाचा निकष नाही, आणि तो प्रत्येक कंपनीच्या रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या साठ्यात, फुकट पडलेला असतो.

वरिष्ठांकडून आधी तीन प्रश्नांची लेखी उत्तरे घ्यावीत. येत्या सहा महिन्यांत असा कोणता निर्णय तुम्हाला घ्यायचा आहे ज्यातले तंत्रज्ञान तुम्ही स्वतः वापरलेले नाही? त्यातले काय तुम्ही इतरांच्या भरवशावर मान्य करता? आणि कोणती गोष्ट स्वतःच्या हाताने करून पाहायची आहे? 'जनरेशन झेड समजून घ्यायची आहे' असे उत्तर आले तर फॉर्म परत पाठवावा.

आता मुख्य दुखणे, वेळ. क्लायंटसाठी काम करणाऱ्या सर्व्हिसेस कंपनीत टाइमशीटमधल्या प्रत्येक तासाला हिशेबाचा एक कोड असतो. बिलेबल तास क्लायंटच्या खात्यावर जातात, बाकीचे युटिलायझेशन, म्हणजे उपलब्ध तासांतल्या बिलेबल तासांचे प्रमाण, खाली ओढतात, आणि युटिलायझेशनचा आकडा प्रोजेक्ट मॅनेजरच्या गळ्याशी असतो. शिकवणाऱ्या मुलीचे महिन्याला चार तास गेले की तिचा मॅनेजर दोनपैकी एक करतो: ते तास क्लायंटच्या कोडवर टाकायला लावतो, जो सरळसरळ गैरप्रकार आहे, किंवा 'संध्याकाळी सातनंतर करा' म्हणतो. दोन्ही प्रकारांत ती मुलगी दोन महिन्यांत कंटाळते. उपाय अवघड नाही. फायनान्सकडून या उपक्रमासाठी वेगळा टाइमशीट कोड काढून घ्यायचा आणि युटिलायझेशन मोजताना हे तास उपलब्ध तासांतूनच वजा करायचे, म्हणजे मॅनेजरचा आकडा बिघडत नाही. रजेचे तास जसे वजा होतात, तसेच. पंधरवड्याला एक तास बैठक आणि तेवढाच वेळ तयारीला, असे सहा महिने धरले तर १२ ते १३ बैठका आणि एका शिकवणाऱ्यामागे सुमारे २५ तास होतात. वीस जोड्यांचे ५०० तास. एवढ्या तासांची किंमत ज्या कंपनीला जड वाटते, तिने हा उपक्रम जाहीर करू नये.

तास ऑफिसच्या वेळेतच असावा, सकाळी ११ ते दुपारी ४ च्या दरम्यान. अप्रेझलच्या महिन्यात आणि तिमाही निकालाच्या आठवड्यात बैठक ठेवू नये, कारण ती रद्द होणारच. काचेची भिंत असलेली मीटिंग रूम घ्यावी, साहेबांची केबिन नको. केबिनमध्ये खुर्च्यांची मांडणीच कोण कोणाला सांगणार हे ठरवून टाकते. आणि शिकवणारी मुलगी असेल तर उघड, दिसणारी जागा आणि दिवसाची वेळ हा तिच्या सोयीचा प्रश्न नसून कंपनीची जबाबदारी आहे. बैठक ऑनलाइन असली तर शिकवणाऱ्याने आपली स्क्रीन दाखवत बसायचे नाही. वरिष्ठांनी आपली स्क्रीन शेअर करायची, शिकवणाऱ्याने फक्त सांगायचे.

यातूनच सगळ्यात महत्त्वाचा नियम निघतो: कीबोर्डवर हात वरिष्ठांचा. शिकवणाऱ्याने सादरीकरण बनवायचे नाही. स्लाइड बनवायला सांगितल्या की त्या मुलाचे दोन दिवस जातात, साहेब दहा मिनिटे पाहतात आणि 'व्हेरी गुड' म्हणतात. शिकणे शून्य.

एआय असिस्टंटची एक बैठक कशी बसवता येते, ते तपशिलाने सांगतो. आधी एक रिकामी रिपॉझिटरी घ्यायची, ज्यात क्लायंटचा एकही कोड नाही आणि खरा डेटा नाही. वरिष्ठांच्या लॅपटॉपवर कंपनीने मान्य केलेला असिस्टंट आदल्या दिवशीच चालू करून ठेवायचा, नाहीतर पहिली चाळीस मिनिटे परवानग्या आणि पासवर्ड यांतच जातात. मग वरिष्ठांनी स्वतः टाइप करायचे: व्यवहाराची तारीख-वेळ दिली की भारतीय आर्थिक वर्ष सांगणारे फंक्शन लिही आणि त्याच्या चाचण्याही लिही. काही सेकंदांत कोड येतो. महिना एप्रिल किंवा त्यानंतरचा असेल तर हे वर्ष, नाहीतर मागचे, असे त्यातले तर्कशास्त्र असते. ३१ मार्च आणि १ एप्रिल या दोन्ही चाचण्या हिरव्या होतात, म्हणजे पास होतात. इथे वरिष्ठांचा चेहरा खुलतो आणि शिकवणाऱ्याने इथेच थांबू नये.

आता विचारायचे, सर्व्हर कोणत्या वेळेवर चालतो? क्लाउडवरचे सर्व्हर सहसा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर असतात आणि भारताची वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. १ एप्रिलला पहाटे २ वाजता पुण्यात झालेला व्यवहार सर्व्हरच्या घड्याळात ३१ मार्चला रात्री साडेआठला नोंदला जातो. वेळ बदलून घेतली नसेल तर तो मागच्या आर्थिक वर्षात पडतो. वरिष्ठांनी ही तारीख-वेळ यूटीसीत घालून स्वतः फंक्शन चालवायचे. चुकीचे उत्तर डोळ्यांसमोर येते. चाचण्या हिरव्या का होत्या? कारण त्या त्याच असिस्टंटने, त्याच गृहीतकावर लिहिल्या होत्या. असिस्टंटला वेळेच्या पट्ट्याविषयी आधी सांगितले असते तर त्याने ते बरोबर लिहिले असते. पण सांगायला ते माणसाला माहीत हवे. गंमत अशी की १ एप्रिलच्या मध्यरात्री लेखा प्रणालीत काय घोटाळे होतात, हे वीस वर्षे बँकिंगमध्ये काढलेल्या वरिष्ठांना त्या मुलापेक्षा जास्त माहीत असते. त्या क्षणी दोघेही एकमेकांकडून शिकतात आणि पुढच्या बैठकीला दोघेही आपणहून येतात.

याच बैठकीचा दुसरा भाग पुल रिक्वेस्टचा, म्हणजे कोडमधला बदल मुख्य कोडमध्ये घेण्यापूर्वी तपासायला ठेवण्याचा. असिस्टंटकडून एखादा मोठा बदल करून घ्यायचा आणि त्याची पुल रिक्वेस्ट वरिष्ठांनीच तपासायची. सहाशे ओळींचा बदल समोर आला की पंधरा मिनिटांत लक्ष उडते. त्यात एखाद्या लायब्ररीचे, म्हणजे बाहेरून घ्यायच्या तयार कोडचे, नाव ओळखीचे वाटते पण अशी लायब्ररी अस्तित्वातच नसते. असिस्टंट अशी नावे रचतात आणि घातपाती लोक नेमकी तीच नावे नोंदवून त्यात घातक कोड ठेवू शकतात. हे पाहिले की वरिष्ठांना कळते, लिहिण्याचा वेळ वाचला तो तपासण्याकडे सरकला आहे, आणि तपासणारी अनुभवी माणसे तेवढीच आहेत. पुढच्या एस्टिमेटमध्ये कोडिंगचे तास कापताना रिव्ह्यूचे तास वाढवायला हवेत, हा निष्कर्ष कोणी सांगावा लागत नाही. एका तासाच्या बैठकीतून निघालेला असा एक निर्णय सगळ्या उपक्रमाचा खर्च भरून काढतो.

कोणते साधन कुठे वापरायचे नाही, हेही याच ओघात येते. सॅमसंगच्या अभियंत्यांनी अंतर्गत सोर्स कोड चॅटजीपीटीत टाकल्याचे २०२३ मध्ये उघड झाले आणि कंपनीने अशा साधनांवर बंदी घातली. ते अभियंते दुष्ट नव्हते, घाईत होते. आपल्या टीममध्ये कोण काय कुठे चिकटवते, हे धोरणाच्या पीडीएफमधून वरिष्ठांना कधीच कळणार नाही. दोन वर्षे अनुभवाचा मुलगा ते पाच मिनिटांत सांगू शकतो, पण नावे न घेता सांगण्याची मुभा त्याला आधी लेखी मिळाली पाहिजे.

विषय केवळ एआयचे असावेत असे मुळीच नाही. तरुणांना सगळ्यात जास्त माहिती असते ती रोजचे काम प्रत्यक्षात कुठे अडते याची. नव्या कर्मचाऱ्याला पहिला कोड चढवायला किती मंजुऱ्या लागतात, हे वरिष्ठांनी नवखे खाते उघडून स्वतः करून पाहावे. रात्री दोनला वाजणारे अलर्ट कोणते आणि त्यातले निरर्थक किती, हे ऑन-कॉल चॅनेलमध्ये, म्हणजे रात्रपाळीच्या जबाबदारांच्या चॅटमध्ये, एक आठवडा नुसते वाचत बसून कळते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत तिला कळवावी लागते. रात्री दोनला ती ज्याच्या लक्षात येते तो बहुधा टीममधला सगळ्यात लहान माणूस असतो. त्याने फोन कोणाला करायचा, तो उचलला गेला नाही तर पुढे कोणाला, हे दोघांनी मिळून लिहून काढले तरी एक बैठक सार्थकी लागली. माऊस काढून घेऊन फक्त टॅबच्या कळीवर कंपनीच्या पोर्टलवर रजेचा अर्ज भरायला लावणे, आणि एनव्हीडीए हा पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा मोफत स्क्रीन रीडर लावून तोच अर्ज डोळे मिटून ऐकणे, हीदेखील उत्तम बैठक आहे. दृष्टिहीन सहकाऱ्याची रोजची कसरत काय असते, हे त्यानंतर वेगळे सांगावे लागत नाही.

मधल्या फळीकडे मात्र जोड्या लावताना कोणी बघत नाही, आणि उपक्रम तिथेच बुडतो. शिकवणाऱ्या मुलीचा मॅनेजर पस्तिशी-चाळिशीचा असतो. आपल्या टीममधली एक जण आता थेट बड्या साहेबांबरोबर दर पंधरवड्याला बसते, ती तिथे काय बोलते कोण जाणे, ही धास्ती त्याला असते. धास्ती अनाठायी नसते. वरिष्ठ सहज विचारतात, 'काय, तुमचा मॅनेजर कसा आहे?' हा प्रश्न विचारायचाच नाही, हा नियम हवा. विचारला गेलाच तर 'सर, माणसांविषयी बोलायचे नाही असे ठरले आहे' एवढे एकच वाक्य शिकवणाऱ्याने म्हणावे, आणि ते वाक्य नियमपत्रात छापलेले असावे, म्हणजे ते तिचे उद्धट उत्तर ठरत नाही. मॅनेजरला निवडीची बातमी सगळ्यांत आधी कळवावी, ईमेलने नव्हे, प्रत्यक्ष. कोणते विषय निघतील, कोणते निघणार नाहीत आणि त्याच्या युटिलायझेशनला धक्का लागणार नाही, हे एका पानावर त्याच्या हाती द्यावे. आणि जमल्यास पुढच्या फेरीत त्यालाही शिकणाऱ्यांत घ्यावे. वरचे शिकतात, खालचे शिकवतात आणि मधला नुसता परवानगी देतो, ही त्याच्यावर अन्यायाची मांडणी आहे.

गोपनीयतेची दुसरी बाजूही आहे आणि ती कायद्याची आहे. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर येऊ घातलेले निकाल, एखादी मोठी ऑर्डर, कंपनी विकत घेण्याची बोलणी, हे वरिष्ठांच्या तोंडून गप्पांच्या भरात निघू शकते. सेबीच्या २०१५ च्या इनसायडर ट्रेडिंग नियमांखाली अशी अप्रकाशित माहिती विनाकारण देणे चूक आहे, आणि ती ज्याच्या कानावर पडली तोही अडकू शकतो. कंपनीचे शेअर मिळालेल्या पंचविशीतल्या मुलाला आपण त्या गप्पांमुळे अडचणीत आलो हे समजणारही नाही. म्हणून पहिल्याच बैठकीत वरिष्ठांनी स्वतःहून सांगावे की हे विषय मी काढणार नाही.

'सर' म्हणायचे की नाव घ्यायचे, यावर कंपन्या विनाकारण वेळ घालवतात. पहिल्या नावाने हाक मारण्याची सक्ती केली तर आपल्याकडची कितीतरी मुले नावही घेत नाहीत आणि सरही म्हणत नाहीत, नुसती अवघडून बसतात. त्यांना 'सर', 'मॅडम', 'तुम्ही' म्हणू द्या. दोघेही मराठी असतील तर मराठीत बोलू द्या. कीबोर्डवर हात कोणाचा आहे यावर शिकवणी ठरते, संबोधनावर नाही. वरिष्ठांनीही मुलांना सरसकट 'अरे-तुरे' करू नये, एवढे पुरे.

शिकवणाऱ्यांची अर्ध्या दिवसाची तयारी करून घ्यावी. तंत्रज्ञान त्यांना येते, शिकवणे येत नाही. समोरचा अडखळला की हातातून माऊस ओढून घ्यायचा नाही. 'एकदम सोपे आहे' हे शब्द वापरायचे नाहीत. ज्याला जमत नसते त्याला ते बोचतात. प्रश्न विचारल्यावर वीस सेकंद गप्प राहायला शिकायचे, आणि हे ऐकायला वाटते त्यापेक्षा पुष्कळ कठीण आहे. एखादी गोष्ट माहीत नसेल तर 'बघून सांगतो' म्हणायचे आणि पुढच्या बैठकीत खरोखर सांगायचे. फोनचे सेटिंग, प्रोजेक्टरची जोडणी, मुलांच्या कॉलेजप्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म अशी कामे समोर आली तर ती आयटी सपोर्टकडे वळवायची. अशी कामे एकदा केली की तिसऱ्या बैठकीपासून दुसरे काही होत नाही.

वरिष्ठांकडून अपेक्षा थोड्याच आहेत पण कडक आहेत. फोन बाहेर ठेवणे. सलग दोन बैठका रद्द झाल्या तर जोडी आपोआप मोडणे, आणि मोडल्याची नोंद शिकवणाऱ्याच्या नावावर न जाता त्यांच्या नावावर जाणे. प्रत्येक बैठकीनंतर अर्ध्या पानाचे टिपण वरिष्ठांनीच लिहिणे: आज स्वतः काय केले, काय चुकीचे समजत होतो, त्यामुळे कोणता निर्णय पुन्हा तपासणार. हे टिपण मुलांकडून लिहून घेण्याची पद्धत पडली आहे ती बंद झाली पाहिजे. जो शिकतो त्याने वही लिहायची असते.

यश मोजायला पाच ताऱ्यांचे फीडबॅक फॉर्म निरुपयोगी आहेत. कोणता मुलगा डिलिव्हरी हेडला तीन तारे देणार? त्याऐवजी तीन गोष्टी तपासाव्यात. सहा महिन्यांत टिपणांतल्या किती निर्णयांत प्रत्यक्ष बदल झाला. बैठका कोणी किती रद्द केल्या. आणि वर्षभराने शिकवणाऱ्याचे काय झाले: त्याचे रेटिंग, बढती, प्रकल्प इतरांच्या मानाने घसरले तर नाहीत ना. हा तिसरा आकडा एचआरकडे तयार असतो, पण त्या नजरेने तो पाहिला जात नाही. शिकवणारी मुले मागे पडत असतील तर पुढच्या वर्षी हुशार मुले नाव देणार नाहीत, आणि त्यांचे बरोबरच असेल.

नाशिक, कोल्हापूर, नागपूरच्या पंचवीस-तीस माणसांच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत साखळी वेगळी ठेवणे शक्य नसते. मालक आणि डेव्हलपर एकाच हॉलमध्ये बसतात. तिथे दोन कंपन्यांनी अदलाबदल करावी: याचा डेव्हलपर त्या मालकाला शिकवेल, त्याचा याला. दोघेही एकाच क्लायंटच्या मागे नसावेत, गोपनीयतेचा करार आधी व्हावा, आणि सराव रिकाम्या रिपॉझिटरीवरच व्हावा. पगाराची आणि भरतीची चर्चा पूर्ण वर्ज्य, नाहीतर पुढच्या महिन्यात एकमेकांची माणसे पळवल्याची भांडणे होतात.

सुरुवात करायची तर वीस जोड्यांची गरज नाही, चार पुरेत. मात्र त्या चारांत कंपनीचा प्रमुख स्वतः शिकणारा हवा. आणि एप्रिलपासून नवे वर्ष धरणाऱ्या कंपन्यांत तासांचे बजेट जानेवारी-फेब्रुवारीत ठरते. ज्या एचआर आणि प्रशिक्षण विभागांना यंदा हा उपक्रम करायचा आहे, त्यांनी पोस्टर छापण्याआधी फायनान्सकडे टाइमशीट कोडची मागणी नोंदवावी आणि तो मंजूर झाल्यावरच मुलांची नावे मागवावीत.

आपले,
माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रात प्रशिक्षणाचे काम करणारे काही वाचक, पुणे